साडेसहा की सात?

मी गाण्यांच्या अल्बमचे रिव्ह्यू लिहिते आणि खाली दहापैकी आकडा देते. तो आकडा बघून भांडायला येणारी माणसं मला मनापासून आवडतात, निदान आकडा तरी वाचलाय. पण भांडण दरवेळी एकाच वाक्याने सुरू होतं, "साडेसहाच? एवढा वाईट आहे?" आणि सगळी गोची तिथेच आहे, कारण माझ्याकडे साडेसहा म्हणजे वाईट नाहीच मुळी. साडेसहा म्हणजे ऐक बाबा, दोन-तीन गाणी ठेवून घेशील, बाकीची विसरलास तरी बिघडत नाही. हे किती जणांना एकेकट्याला समजावणार, म्हणून आकडा कसा ठरतो ते एकदाच काय ते लिहून टाकते.

आपण सगळे दहावीच्या मार्कांवर वाढलेलो. ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन, हे इतकं हाडात मुरलंय की दहापैकी काहीही दिसलं की आपण मनातल्या मनात त्याचे टक्के करतो. त्यात आता सोसायटीतल्या पोराला ९४ टक्के पडले तरी त्याची आई तोंड पाडून पेढे वाटते, मग ६५ ची काय लायकी राहिली! वर २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, सहा विषयांतले चांगले पाच धरायचे आणि ज्यात आपटलो तो सोडून द्यायचा. फॅन लोक अल्बमचं अगदी हेच करतात, बारातली पाच कडक गाणी मोजतात, बाकीची सात ऐकलीच नाहीत असं वागतात आणि मग मला विचारतात नऊ का नाही दिलेस. माझ्याकडे भूगोलपण धरला जातो. आठव्या नंबरचं ते रटाळ गाणं, ज्यात तीनदा तेच कडवं येतं, त्याचेही मार्क बेरजेत असतात.

स्केल फुगणं हा प्रकार आपण टीव्हीवर बघितलाय की. झी मराठीच्या सारेगमपमध्ये मार्क म्हणून स्वरच द्यायचे, आणि बघता बघता आमच्या घरी अशी अवस्था झाली की कोणाला 'ध' मिळाला की आजी हळहळायची, "बिचारीला ध च दिला गं." अहो आजी, सातातला सहावा आहे तो! पण नाही, 'नी' च्या खाली सगळं नापास. आणि पेपरांतले सिनेमाचे स्टार बघा, साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं आणि साडेतीन स्टार. चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणून कोणाशी वाकडं घ्यायचं नाही, द्या साडेतीन. साडेतीन स्टार वाचून मला आजवर कळलेलं नाही की तिकीट काढू की नको.

म्हणून मला दशांशवाली पद्धत बरी वाटते. ती काही माझी आयडिया नाही, पिचफोर्क ह्या अमेरिकेतल्या अल्बम-रिव्ह्यूच्या साइटची. १९९५ ला रायन श्रायबर नावाच्या विशीच्याही आतल्या पोराने मिनियापोलिसजवळ घरात बसून सुरू केलेली साइट, पुढे तिचा ०.० ते १०.० हा आकडा एवढा वजनदार झाला की नव्या बँडचं नशीब त्यावर हलायचं. लोक ७.८ आणि ७.९ मधला फरक काय म्हणून हसायचे. हसण्यासारखं आहेच, फक्त त्यांना वाटतं की हे थर्मामीटरचं रीडिंग आहे, म्हणजे अल्बमच्या काखेत काहीतरी धरलं आणि ७.८ आलं. तसं नसतं. ७.८ चा अर्थ एवढाच की त्याच माणसाने ज्याला ७.९ दिले त्याच्या हा जरा मागे आणि ज्याला ७.७ दिले त्याच्या जरा पुढे. रांगेतला नंबर आहे तो. एकट्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि दोन वेगळ्या लोकांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले तर त्याहून नाही.

आणि नेमकं तेच मेटाक्रिटिक, म्हणजे सगळ्या समीक्षकांचे आकडे गोळा करणारी साइट, २००१ पासून करतंय. कोणाचे स्टार, कोणाचे दहापैकी, कोणाची अक्षरं, सगळं शंभरात बदलायचं आणि सरासरी काढायची, त्यात कोणाच्या मताला किती वजन ते सांगत नाहीत. आता रॉबर्ट ख्रिस्टगाऊसारखा संगीत समीक्षक घ्या, १९६९ पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस ह्या साप्ताहिकात एकेका परिच्छेदात अल्बम गुंडाळून खाली शाळेसारखी ग्रेड द्यायचा, ए प्लसपासून थेट ई मायनसपर्यंत. त्याचा बी प्लस म्हणजे काय हे त्याला वर्षानुवर्षं वाचणाऱ्यालाच कळणार. त्या बी प्लसचा शंभरातला आकडा करून दुसऱ्या कोणाच्या चार स्टारशी त्याची सरासरी काढली की हातात काय येतं, देव जाणे.

बरं, आता माझं.

नोकरी बेलापूरला, घर ठाण्यात, ट्रान्स हार्बरने साधारण चाळीस मिनिटं. एलपी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून जेवढा वेळ मावायचा जवळपास तेवढाच, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पहिलं ऐकणं नेहमी ह्याच गाडीत, मुद्दाम, वायरवाले इअरफोन लावून. ठाण्याला गाडी सुटतानाच डबा असा खचाखच असतो की एकदा प्ले केलं की फोन पर्समध्ये आणि पर्स पोटाशी, हात हलवायची सोय नाही, म्हणजे पहिली तीन-चार गाणी गाणाऱ्याच्या मर्जीने ऐकावी लागतात. मग ऐरोली येतं, रबाळे, घणसोली, आयटीवाली जनता उतरते, कोपरखैरण्यापर्यंत हात मोकळा होतो. आणि खरी परीक्षा तिथे. हात मोकळा झाल्यावर तो फोनकडे जातो का? गेला तर कुठल्या गाण्यावर, किती सेकंदांनी? हे मी वहीत लिहून ठेवते, 'गाणं ५, दुसऱ्या कडव्यात हात गेला' असं. बहुतेक अल्बम पाचव्या-सहाव्या गाण्यावर ढेपाळतात, कारण चांगला माल पुढे लावून टाकलेला असतो.

ह्यालाही कारण आहे. स्ट्रीमिंगवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, त्यामुळे ओळख-बिळख करून न देता गाणं थेट मुखड्यावर येतं आणि सगळ्यात आकर्षक गाणी वर. एलपीच्या काळात हा क्रम वेगळ्या कारणाने ठरायचा. सुई मध्याकडे सरकत गेली की एका फेरीत कमी लांबीची खाच मिळते, तिथे आवाज दबतो, वरच्या पट्टीतल्या गोष्टी मलूल होतात, म्हणून बाजूच्या शेवटी बऱ्याचदा शांत गाणं ठेवायचे, आणि उलटवल्यावर पुन्हा दमदार सुरुवात. म्हणजे अल्बमला मध्यंतर होतं! आता मध्यंतर नाही, लांबीला लगाम नाही. ड्रेक ह्या रॅपरचा २०१८ चा 'स्कॉर्पियन' २५ गाण्यांचा, जवळजवळ दीड तास, बेलापूरला जाऊन परत ठाण्याला आले तरी तो माणूस अजून आपलं दुःख सांगतोय. लांबीचे मार्क मी सरळ कापते, त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. जे कापायला हवं होतं ते न कापणं हासुद्धा कलाकाराचाच निर्णय आहे ना.

ह्याच्या उलट टोकाला २०१६ चा 'सैराट'. गाणी चार. फक्त चार! अजय-अतुलने हॉलिवूडला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला आणि चार गाण्यांत थांबले. लोक वाद घालतात की चार गाण्यांना अल्बम म्हणायचं का, मी म्हणते अल्बम म्हणजे वजनावर विकायचा माल आहे का? चारातलं एकही गाणं काढून बघा, भगदाड पडतं. स्कॉर्पियनमधली दहा काढा, बरंच वाटेल.

दुसरं ऐकणं घरी, स्पीकरवर, आणि त्यात एक भानगड असते ती आवाजाची. माणसाचा कान इतका भोळा आहे की तीच गोष्ट जरा मोठ्याने लावली की जास्त चांगली वाटते. म्हणून कंपन्यांनी वर्षानुवर्षं मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगवरून शेवटचा हात फिरवताना, आवाज दाबून दाबून मोठा केला, हळू आणि जोरात ह्यातलं अंतरच खाऊन टाकलं. मेटालिका बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमचं २००८ ला काय झालं, तर फॅन्सच्या लक्षात आलं की गिटार हिरो ह्या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजतायत, कारण गेमला दिलेल्या ट्रॅकवर तो शेवटचा रोलर फिरवलेलाच नव्हता. आता स्पॉटिफाय बाय डिफॉल्ट सगळं एकाच पातळीच्या, साधारण वजा १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं, म्हणजे ओरडून कोणाला फायदा नाही, उलट चिरडलेलं गाणं आवाज सारखा केल्यावर केविलवाणं वाटतं. तरी मी दोन अल्बम शेजारी ठेवताना कानाने आवाज जुळवून घेते, नाहीतर ज्याने जास्त आरडाओरडा केला त्याला अर्धा मार्क फुकट जातो. आणि भाद्रपदात हा कार्यक्रम बंद. खाली मंडळाचा डीजे सुरू असताना कोणाच्या बेसबद्दल मत बनवायचं नाही, तेव्हा मी फक्त शब्द वाचते.

शब्द हा तिसरा भाग. मराठी अल्बमला माझे सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. चाल उत्तम, अरेंजमेंट उत्तम, आणि शब्दांत पुन्हा पाऊस, पुन्हा तुझी आठवण, पुन्हा ओल्या वाटा. अरे ठाण्यात राहतोस ना तू? पावसात घोडबंदर रोडला दोन तास अडकलायस ना? त्यावर लिही की! मध्ये एका रॅपवाल्या पोराने वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या गेटवर अख्खं कडवं लिहिलं होतं, यमकं दोन ठिकाणी लंगडी होती, पण त्या एका कडव्यासाठी मी त्याला रांगेत चार घरं वर नेऊन बसवलं.

हो, आणि शास्त्रीयला आकडा देत नाही. एक तासाचा मारवा आणि त्याखाली ८.२ हे मला लिहवतच नाही, हात जड होतो. पण गंमत अशी की रांग लावण्याची ही पद्धत मी शिकले तिथूनच. महापालिकेचा पं. राम मराठे संगीत महोत्सव असतो, त्याला वर्षानुवर्षं येणारे काही काका लोक आहेत, स्वेटर-मफलरवाले. इंटरवलला चहाच्या रांगेत त्यांचं ऐका. "छान" असं कोणीच नुसतं म्हणत नाही. "मागच्या खेपेला विलंबित जास्त रंगला होता." "गळा तयार आहे पण हे सगळं गुरूचं झालं, ह्याचं स्वतःचं कुठाय?" "द्रुतला घाई केली, तबलजीने सांभाळलं." एकही आकडा नाही, पण रांग एकदम पक्की, ह्याच्या वर तो, त्याच्या खाली हा, आणि मुख्य म्हणजे कलाकाराची तुलना आधी त्याच्या स्वतःच्या मागच्या गाण्याशी. मी तेच करते. आधी त्याच बँडचा मागचा अल्बम, मग त्याच जातीचे ह्या वर्षीचे अल्बम. मग दोन प्रश्न. कुठल्या अल्बमच्या जागी मी आत्ता हा लावेन? आणि कुठला लावायचा म्हटलं तर हा बंद करेन? ह्या दोन उत्तरांच्या मध्ये जी फट उरते तिथे आकडा असतो. सहापासून आठपर्यंतची फट. दहा आणि शून्य द्यायला अक्कल लागत नाही, तिथे फक्त आवाज होतो. पिचफोर्कने २००६ ला जेट नावाच्या बँडच्या अल्बमला ०.० देऊन रिव्ह्यूच्या जागी नुसता माकडाचा एक अचाट व्हिडिओ लावला होता, लोकांना तो व्हिडिओ अजून आठवतो, अल्बममध्ये काय होतं ते कोणालाच नाही.

आकडा शेवटी टाकायचा, आणि एकेकटा टाकायचा नाही, ही शिस्त मात्र आत्याची. माझी आत्या नौपाड्यात राहते, शाळेत मराठी शिकवायची, बोर्डाचे पेपर तपासायची. मी एकदा तिच्यासमोर कुरकुर करत बसले होते की जानेवारीतल्या अल्बमला दिलेले आठ आणि नोव्हेंबरमधल्या आठला काही मेळच नाही, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "गठ्ठ्यातला पहिला पेपर नेहमी जास्त घेऊन जातो गं. आणि जेवणानंतरचा पहिला कमी." मग काय करायचीस विचारलं तर म्हणे पहिले काही पेपर नुसते वाचायचे, पेन्सिलीने बारीक मार्क लिहायचे, गठ्ठा अर्धा झाला की परत पहिल्यापासून यायचं आणि मग लाल पेन. निबंधाला तर नेहमीच. मी आता तसंच करते. शुक्रवारी अल्बम येतात (२०१५ च्या जुलैपासून जगभर शुक्रवारच ठरलाय), सोमवारपर्यंत पेन्सिलीचा आकडा असतो, महिन्याचे सगळे झाले की लाल पेन. सोमवारी सकाळीच रिव्ह्यू मागणाऱ्यांशी त्यामुळे माझं पटत नाही, आणि जिथे पटलं नाही तिथे लिहिणं सोडलंय.

एडिटरचा फोन हा शेवटचा टप्पा. "अगं साडेसहा काय, तुझा मजकूर वाचून तर साडेसात वाटतंय." हे मी गंभीरपणे घेते, आकडा बदलण्यासाठी नाही, मजकूर बदलण्यासाठी. आमचा ठरलेला खेळ आहे, तिला आकडा न घालता मजकूर पाठवायचा, तिने अंदाज सांगायचा. अर्ध्याच्या वर फरक आला तर लिहिताना मी कुठेतरी गुळमुळीत झालेय. बहुतेक वेळा दोष एखाद्या 'तरीही'चा निघतो, आधी चार ओळी शिव्या आणि मग 'तरीही एक प्रामाणिक प्रयत्न'. प्रामाणिक प्रयत्न हा शब्दप्रयोग मी स्वतःवर बंदच करून घेतलाय. प्रयत्न प्रामाणिक आहे हे त्याच्या आईने म्हणावं. राउंड करून दे, सात करून टाक, हेही ती म्हणते कधी कधी. सात हा सगळ्यात सोयीचा आकडा आहे, कोणी चिडत नाही, कोणी ऐकतही नाही. माझ्याकडे सात मिळवायला नंतर पुन्हा लावावंसं वाटेल असं किमान एक गाणं लागतं, म्हणजे जे मी कामासाठी नाही तर भांडी घासताना आपणहून लावलं.

नंतर मत बदललं तर? बदलतंच. पिचफोर्कने २०२१ ला जुने बरेच आकडे स्वतःच बदलले, डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ मध्ये ६.४ दिले होते ते थेट १० केले, लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमचे ०.० वरून ६.० केले. मला ते तितकंसं पटलं नाही. जुना आकडा त्या वर्षीच्या रांगेतला होता, आता मध्ये वीस वर्षांची माणसं येऊन उभी राहिलीत, रांगच वेगळी. नवीन लेख लिहा, नवीन आकडा द्या, जुना तसाच दिसू दे, लोकांना कळू दे की तेव्हा त्याच जागी असं वाटलं होतं.

राहता राहिला ओळखीचा मामला, आणि तो ह्या सगळ्यापेक्षा अवघड आहे. न्यूयॉर्कमध्ये बसून कोणाला शून्य देणं सोपं, इथे ज्याला साडेपाच दिले तो संध्याकाळी राम मारुती रोडला समोरून येतो, हातात चिवड्याची पिशवी, आणि हसून "काय म्हणतेस" विचारतो. मराठीत इंडी संगीत करणारे मोजके, त्यातले निम्मे एकमेकांच्या बँडमध्ये वाजवतात, उरलेल्यांच्या बहिणी माझ्या मैत्रिणी. म्हणून ज्याच्या घरी जेवले त्याला आकडा नाही, तो अल्बम दुसऱ्या कोणीतरी करायचा, हा नियम एडिटरला लेखी दिलाय. वाशीचा एक ड्रमर गेले कित्येक महिने सुरमई खायला ये म्हणून मागे लागलाय, त्याचा अल्बम दिवाळीच्या आसपास येतोय. सुरमई मला प्रचंड आवडते. त्याला सांगितलंय, आधी रिव्ह्यू, मग सुरमई, आणि आकडा बघून आमंत्रण मागे घ्यायची मुभा आहे.